डेल पिंकमसाठी घेवडा

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एल्सबरी गावात कुणाच्या घरी मोठं दुखणं आलं की उपचाराचे पैसे जमवायला अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये मदतीचं जेवण व्हायचं, आणि जेवण म्हटलं की व्हर्ना थिबोडोचा काकवी घातलेला घेवडा आलाच. व्हर्ना शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाकीण होती. आडव्या अंगाची, तोंडाने फटकळ. लॉरेन आणि ती एका घरात राहायच्या, एका ताटातलं खायच्या, उशीवरून भांडायच्या. पण गाव लॉरेनला ‘व्हर्नाची मैत्रीण’ म्हणायचं आणि पुढे काही विचारायचं नाही.

लॉरेन घरबसल्या पडदे शिवायची. तिला मधुमेह होता आणि विमा नव्हता. शाळेचा विमा व्हर्नाला होता, पण त्यात नवरा किंवा बायकोच बसायची, मैत्रीण नाही. म्हणून २००९ सालच्या वसंतात मेनच्या विधिमंडळाने दोन बायकांना लग्नाची मुभा देणारा कायदा केला, तेव्हा व्हर्नाने आनंदाने आरोळी ठोकली नाही. ती एवढंच म्हणाली, “चला, तुझ्या इन्सुलिनची सोय झाली.”

पण कायदा लागू होण्याआधीच विरोधकांनी सह्या गोळा केल्या आणि तो नोव्हेंबरात लोकांच्या मतदानाला गेला.

मधल्या उन्हाळ्यात खासदार गावात आले होते, येऊ घातलेल्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल लोकांचं ऐकायला. व्हर्ना मागच्या बाकावर बसली होती. एक बाई उभी राहून सांगू लागली, की दवाखान्याचं बिल झेपणार नाही म्हणून आपल्या मुलाने छातीतलं दुखणं अंगावर काढलं आणि तो गेला. तिचं पुरतं बोलून व्हायच्या आत लोक ओरडायला लागले. सगळ्यात मोठा आवाज डेल पिंकमचा.

“दुसऱ्याच्या दुखण्याचे पैसे मी का भरू?” तो उभा राहून गरजला. “मी माझं कमावून खातो!”

टाळ्या पडल्या. ती बाई तोंडावर हात धरून खाली बसली.

डेल हा व्हर्ना-लॉरेनचा रस्त्यापलीकडचा शेजारी. छपरं दुरुस्त करायचा. हिवाळ्यात न सांगता दोघींच्या दारातला बर्फ काढून जायचा, लॉरेनबरोबर पत्ते खेळायचा. सप्टेंबरात त्याच्या अंगणात पाटी लागली: लग्न म्हणजे एक पुरुष, एक बाई.

“अगं, बर्फ काढतो तो आपला,” लॉरेन म्हणाली.

“पाटीही त्यानेच रोवली ना?”

मतदानात कायदा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी डेल गाडीची काच पुसता पुसता हात हलवून म्हणाला, “मनावर घेऊ नका हं पोरींनो. तुमच्याविरुद्ध नव्हतं काही. तत्त्वाचा प्रश्न होता.”

 व्हर्नाने घरात जाऊन दार आपटलं.

जानेवारीत डेलला आतड्याचा कॅन्सर निघाला. विमा त्यालाही नव्हता. त्याची बायको मार्लीन दोघींच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. “शनिवारी जेवण ठेवलंय. घेवडा तुझ्याच हातचा हवा, व्हर्ना.”

“माझ्या हातचा खाल्लेला चालतो का त्याला? तत्त्वात बसतो?”

“असं काय करतेस गं! आपण शेजारी ना?”

“करेल ती,” मागून लॉरेन म्हणाली.

मार्लीन गेल्यावर व्हर्ना भडकली. “तू इन्सुलिन अर्धंच टोचतेस, ते कळत नाही वाटतं मला? तुझ्यासाठी कुणी ठेवलं होतं जेवण?”

“त्याला दोन मुली आहेत, व्हर्ना. त्यांच्याकडे बघून कर.”

तिने केलं. काकवी, मोहरी, डुकराचं खारवलेलं मांस, सगळं नेहमीसारखं. हॉल गच्च भरला. पाद्री उभे राहिले.

“बघा, आपली माणसं आपण सांभाळतो,” ते म्हणाले. “यात सरकारने कशाला नाक खुपसायचं?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाढणारी व्हर्ना डाव हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“पाद्रीबाबा, लॉरेनचं जेवण कधी ठेवताय?”

कुणीतरी खिदळलं.  डेल खुर्चीत बसला होता, कपडे अंगावर लोंबत होते.

“आज नको गं, व्हर्ना,” तो म्हणाला. “ते वेगळं आहे.”

“कसं वेगळं?”

“मला सगळे ओळखतात.”

“आणि लॉरेनला? तिचे पत्ते बघून खेळायचास, मेल्या. तिला नाही ओळखत?”

डेलने चमचा घेवड्यात घातला.  खाणं कुणाचंच थांबलं नव्हतं. आपणच शिजवलेलं ते तपकिरी, चिकट अन्न त्यांच्या तोंडात जाताना बघून व्हर्नाला शिसारी आली. त्यांची, आणि मुकाट रांधून आणणाऱ्या स्वतःचीही. डाव पातेल्यात टाकून ती कोट न घेताच बाहेर पडली. पुन्हा त्या हॉलमध्ये तिने पाऊल टाकलं नाही.

मार्चमध्ये देशाचा तो आरोग्य विम्याचा कायदा झाला. डेल उपचारांनी बरा झाला, पुढे त्याच कायद्यातला विमा त्याने घेतला, आणि त्या कायद्याला शिव्या देणंही सोडलं नाही. लॉरेनला तोवर उशीर झाला होता. पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं कापावी लागली. २०१२ साली राज्यात पुन्हा मतदान होऊन लग्नाचा कायदा आला, तेव्हा ती काठी टेकत व्हर्नाबरोबर लग्न नोंदवायला नगर कार्यालयात गेली. शाळेच्या विम्यात तिचं नाव चढलं.

त्या दिवशी कार्यालयाबाहेर डेल उभा होता, दाढीबिढी करून.

“अभिनंदन,” त्याने हात पुढे केला. “यावेळी मी तुमच्या बाजूने मत दिलं.”

लॉरेनने त्याचा हात हातात घेतला, वर हसलीही. व्हर्नाने त्या हाताकडे पाहिलं. दुष्ट म्हणावं असंही त्याच्यात काही नव्हतं, आणि तेच तिला सोसवेना. लॉरेनच्या काखेत हात घालून तिने तिला पायऱ्या उतरवल्या.

“एवढं काय अगदी!” गाडीत लॉरेन म्हणाली. “माणूस बदलला ना?”

“बदलला असेल,” व्हर्ना म्हणाली. “तुझी बोटं काही उगवली नाहीत.”