विहिरीच्या भिंतीतली पाच पिल्लं

सुरुंगाचा पहिला बार उडाला तेव्हा मी बांधावरच्या बाभळीमागे कान दाबून बसले होते. धूळ खाली बसल्यावर विहिरीकडे चालू लागले, तर वाटेतच खंड्या पडलेला दिसला. निळे पंख पसरलेले, लाल चोच, आणि चोचीत अख्खा नाकतोडा. उडालेला दगड मानेला लागला असावा. हातात घेतला तेव्हा अंग गरम होतं.

मे महिना होता. शाळेला सुट्टी लागून चारच दिवस झाले होते. मी शेजारच्या गावात शिकवते. रिठदचं आमचं शेत नवरा बघतो. विहीर उन्हाळ्यात तळ दाखवायची, म्हणून या वर्षी ती खोल करायला काढली होती. मेडशीकडचं एक जोडपं यारी घेऊन आलं होतं. यारी म्हणजे विहिरीतला फुटलेला दगड बकेटीत भरून वर ओढायचं यंत्र. ते त्या जोडप्यातला नवरा चालवायचा, त्याला आम्ही मिस्त्री म्हणायचो. त्याची बायको मजुरांबरोबर खाली उतरून दगड भरायची. तिशीतली, काटक, कमी बोलणारी बाई.

खंड्याची जोडी मी सुट्टी लागल्यापासून पाहत होते. विहिरीच्या वरच्या भागात मातीची भिंत आहे. काठापासून आठ-नऊ फुटांवर तिच्यात एक भोक होतं. जेवणाच्या सुट्टीत काम थांबलं की दोघं आळीपाळीने चोचीत काहीतरी घेऊन आत जायचे. मला ते दिसत होतं, आणि तरी बार लावायच्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. त्यांचं ते बघतील, असं काहीतरी मनाशी म्हणाले असेन.

दुसरा खंड्या बाराच्या आवाजाने नाल्याकडे उडाला, तो दुपारपर्यंत परतलाच नाही. मी काठावर पोटावर पडून कान दिला. कुणी कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा बारीक, सलग आवाज भिंतीतून येत होता.

"पिल्लं आहेत आत," मी म्हटलं. "जिवंत आहेत."

तोवर दुसऱ्या बारासाठी तळाच्या खडकातली भोकं सुरुंगाच्या दारूने भरून झाली होती. पश्चिमेला आभाळ काळं होऊन आलं होतं आणि मिस्त्री सारखा तिकडेच बघत होता.

"मॅडम, आता खाली कोणी उतरत नसते," तो म्हणाला. "तिकळे इजा चमकून राह्यल्या. भरलेल्या भोकावर वादळ आलं त आपल्या हातात काई राहत नाई. मले बार काढू द्या."

"काहून त्या पाखरायच्या मांगं लागली तू?" नवरा माझ्यावर खेकसला. "माणसं उभी हायेत इथं."

त्याचं चुकत नव्हतं.  पण मी उठून बाजूला झाले नाही. मिस्त्रीची बायको माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली, तिनेही कान दिला.

"लय खाली नाई," ती म्हणाली. "बकेट अर्ध्यातच थांबवा. मी जातो."

"तुले येड लागलं का?" मिस्त्री ओरडला.

"बाराची वायर जोडली का तुमी?"

"नाई."

"मंग?"

तिची दोन लेकरं गावाकडे आजीजवळ होती, हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी चहा पिताना तिनेच सांगितलं होतं. त्या क्षणी "नको, राहू दे" एवढं म्हणायचं काम माझं होतं. मी ते म्हटलं नाही. ती बकेटीत पाय ठेवून दोराला धरून उभी राहिली, मिस्त्रीने दात-ओठ खात यारी सुरू केली, आणि ती काठाखाली गेली.

मी काठावरून सांगत होते. "थोडं खाली. डावीकडे. अजून डावीकडे." बकेट भिंतीला घासली आणि मातीचं एक मोठं ढेकूळ सुटून थेट तळाशी, भरलेल्या भोकांजवळ आदळलं. मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. नवऱ्याने माझ्या खांद्याला धरून मागे ओढलं. मी त्याचा हात झटकला. खाली तिचा हात कोपरापर्यंत भोकात गेला होता आणि तिने तोंड फिरवलं होतं. भोकातल्या घाणीचा वास मला वरपर्यंत येत होता. एक काढलं, पदरात टाकलं. दुसरं. तिसरं. ढग गडगडला.

"बस झालं! वर घेऊन राह्यलो!" मिस्त्री म्हणाला.

"थांबा, अजून हायेत."

ती वर आली तेव्हा तिच्या पदरात पाच पिल्लं होती. काट्यांनी भरलेली वांगी असावीत तशी दिसत होती, कारण पिसं अजून नळ्यांतच होती. मोठ्या चोची, मिटलेले डोळे. मिस्त्रीने लगेच वायर जोडली. आम्ही सगळे बाभळीकडे पळालो. बार निघाला. वादळ त्यानंतर दहा मिनिटांनी आलं. आम्ही परत जाऊन पाहिलं तेव्हा मातीच्या भिंतीचा तो सगळा भाग कोसळलेला होता.

घरी आणल्यावर पिल्लं चोच उघडेनात. मी चिमट्यात नाकतोडा धरून चोचीला लावत होते, ती मान फिरवत होती. बुटाच्या खोक्यात, कापसावर, उजेडात ठेवली होती मी त्यांना. तासाभराने मिस्त्रीची बायको पाणी भरायला घरी आली आणि बघतच राहिली.

"हे भोकातले जीव हायेत मॅडम. यायले उजेड कायले पाह्यजे?"

तिने माझ्याकडून जुनं मडकं मागितलं, आडवं ठेवलं, आत कोरडी रेती घातली, पिल्लं ठेवली. मग मडक्याच्या तोंडावर हाताचा पंजा धरला. आत अंधार होताच पाचही चोची एकदम उघडल्या आणि तोच कंगव्याचा आवाज सुरू झाला. आई भोकाच्या तोंडाशी आली की उजेड बंद होतो, पिल्लं तेवढंच ओळखत होती.

संध्याकाळी मी एक गोष्ट केली. वादळ गेलं तरी तलखी होती, पिल्लं धापा टाकतायत असं मला वाटलं. घरात औषधाचा ड्रॉपर होता. मी सगळ्यात लहान पिल्लाची चोच उघडली आणि पाणी पाजलं. त्याने मान झटकली, नाकपुड्यांतून पाणी आलं, एक खरखर झाली. मी घाबरून इतरांना पाजलं नाही. सकाळी ते रेतीत आडवं पडलेलं होतं.

मिस्त्रीची बायको आली, मेलेलं पिल्लू तिने उचलून पाहिलं. "पाणी पाजलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

ती पिल्लू घेऊन उठली. परसात खड्डा करून त्याला पुरून आली आणि जाताना एवढंच सांगून गेली, "त्यायले नाकतोड्यातूनच पाणी भेटते."

वनविभागाच्या माणसाला मी फोन लावला. तो म्हणाला, पंख फुटेपर्यंत नीट जगवा, माणसाळू देऊ नका, उडाली की सोडा आणि मला कळवा. मग दिवस सुरू झाले ते तासाच्या हिशेबाने. उन्हाळी मुगात पहाटेच जाऊन नाकतोडे धरायचे, नाल्याच्या डबक्यातले खेकडे, बारीक मासोळ्या आणायच्या. नवरा पहिले दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शेतातून येताना डब्यात तीन सरडे घेऊन आला आणि डबा माझ्यापुढे ठेवून हातपाय धुवायला निघून गेला.

त्याच दिवशी दुसरं पिल्लू गेलं. कारण कळलं नाही. खाऊन झोपलं आणि उठलं नाही. त्यानंतर मी दर अर्ध्या तासाने मडक्यात बोट घालून बघू लागले. उरलेली तीन श्वास घेतायत याची खात्री झाली की उठायचं, भाकरी टाकायची, परत बघायचं. शेजारचा बोका ओट्यावर येऊन बसू लागला तेव्हा मडकं न्हाणीघरात नेलं आणि आम्ही चार दिवस अंघोळी परसात केल्या.

सहाव्या दिवशी विहिरीचं काम संपलं. जोडप्याला इंझोरीला पुढचं काम होतं. यारी ट्रॅक्टरला जोडून झाली, तशी ती निरोपाला आली आणि तिने तिन्ही पिल्लांना खाऊ घातलं. नळ्या फुटून निळा रंग दिसायला लागला होता.

"मी खोटं बोलले तुझ्याशी," मी म्हटलं. "पाणी मीच पाजलं होतं."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "त्याच्या नाकातली रेती ओली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय, तुमी बाकीचे सोडून देल्ले असते घाबरून." तिने हात पदराला पुसले. "पहिल्यांदा माह्या हातून बी तसंच मेलं होतं. साळुंकीचं होतं." बाहेरून मिस्त्रीची हाक आली आणि ती गेली.

दहाव्या दिवशी पिल्लं मडक्यात मावेनात. एकमेकांना टोचू लागली. मी मडकं विहिरीवर नेलं आणि काठापासून जरा दूर, उंबराच्या फांदीवर तिघांना बसवलं. नवरा काठी घेऊन खाली उभा होता, कारण सकाळपासून एक शिक्रा त्या बाजूला घिरट्या घालत होता. एक पिल्लू लगेच उडून विजेच्या तारेवर गेलं. दुसरं खाली मुगात पडलं, पुन्हा बसवलं, पुन्हा पडलं. तिसरं जागचं हललंच नाही.

दुपारी शिक्रा झाडात शिरला. नवरा ओरडत धावला, मी दगड फेकला. पानं हलली, काहीतरी निळं झपकन गेलं. शिक्रा रिकाम्या पायांनी बाहेर पडला असं नवरा म्हणतो. मला नीट दिसलं नाही. पण संध्याकाळी तारेवरचं धरून मोजली, तर दोनच होती.

पुढचे आठ दिवस मी उंबराखाली एक फळी टाकून तिच्यावर नाकतोडे आणि खेकडे ठेवत राहिले. दोघं यायची, फळीवरून उचलायची, फांदीवर आपटून आपटून गिळायची. मी जवळ गेले की सुरुवातीला ओरडायची, मग दूर सरकायची, मग मी बांधावर दिसताच उडून जायला लागली. नवव्या दिवशी फळीवरच्या नाकतोड्यांना मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. मी वनविभागाच्या माणसाला फोन करून सांगितलं, दोन उडून गेली. मग इंझोरीला मिस्त्रीच्या बायकोला फोन लावला.

यारीचा घरघराट चालू होता, तिला माझं अर्धंच ऐकू येत होतं. "किती?" ती ओरडून विचारत होती. "किती उडाले?"

"दोन," मी ओरडले.

"काय खाऊन राह्यले होते जाताना?"

"खेकडा. मोठा होता."

"मंग जगतात," ती म्हणाली आणि फोन ठेवून दगड भरायला गेली.