कुसाबाईने मारलेली बोंब

कुसाबाईला कुणी सुईण म्हटलेलं खपत नसे. "बाळ काढायला डॉक्टरीण हाय. मी त्याला माणसात आणते," असं ती ठणकावून सांगे. म्हणजे काय, तर बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं. पेठकडच्या पाड्यावरून लग्न होऊन नाशकात आली, आधी द्राक्षबागेत मजुरी केली, मग सासूच्या हाताखाली हे काम शिकली. पंचवटीतली निम्मी पोरं आपल्या नडग्यांवर वाढली, असा तिचा दावा होता. कुसाबाईच्या दाव्यातला निम्मा भाग सोडून द्यावा लागे, पण उरलेला निम्माही काही थोडका नव्हता.

हात सोन्याचा आणि जीभ कात्रीची. एकदा तोंड उघडलं की मोरीतलं पाणी संपे, पण बाईचं बोलणं संपत नसे. त्यातून घरात टीव्ही आला, केबल आली, आणि आगीत तेल पडलं. रडक्या सुनांच्या मालिका तिला आवडत नसत. तिला लागायचे खुनाचे सिनेमे, पोलीस, पुरावा आणि शेवटी भलताच कुणी तरी गुन्हेगार निघणं. दुसऱ्या दिवशी बाळंतिणीच्या पाठीवर गरम पाणी ओतता ओतता ती सगळी गोष्ट सांगायची. बिचाऱ्या ओल्या बाळंतिणी अंगावर काटा येऊन ऐकत बसायच्या. त्या दिवसांत तिला दूधवाला, केबलवाला, समोरचा शिंपी, सगळ्यांचाच संशय यायचा. लोक हसत, आणि कुसाबाईला वाटे, आपल्याला दिसतं ते यांना दिसत नाही.

दोन हजार तीन साली सुनीलच्या घरचं काम तिच्याकडे आलं. सुनील अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. बायको आशा, आई सिंधुबाई, पाच वर्षांची मुलगी तृप्ती, म्हणजे तिपू, आणि आता हा नवा पाहुणा. दारातून आत गेलं की समोर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली सुनील उभा. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं, "मावशी, काळं तीट, मीठ-मिरच्या, दृष्ट काढणं, यातलं काहीच आमच्या घरात चालत नाही. मालिश आणि अंघोळ, बस्स."

"नाय दादा, नाय करत," कुसाबाई म्हणाली. तोंडाने म्हणाली, एवढंच. त्या घराची मोरी मागच्या बोळात होती. तिथून खोलीपर्यंत न्हालेलं, तुकतुकीत, उघड्या तोंडाचं बाळ चार शेजारणींच्या डोळ्यांसमोरून न्यायला तिचं मन धजत नसे. म्हणून ती बाळाच्या तोंडावर दुपटं ओढायची, कडा हलकेच दाबायची, आणि खोलीत गेल्याबरोबर काढायची. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते फक्त तृप्तीच्या, कारण तेलाची वाटी घेऊन ती रोज मागोमाग चाले.

"कुसाआजी, तोंड का झाकलं?"

"नजर लागत नाय मंग. पण तिपू, बापाला सांगायचं नाय हां. कुणालाच नाय."

तिपूने ओठ घट्ट मिटून मान हलवली. मोठ्या माणसाने आपल्याला गुपित दिलं, याचा तिला कोण आनंद झाला होता!

एका रविवारी दुपारी कुसाबाईने एक सिनेमा पाहिला. मोठा बंगला, लाडाचा मुलगा, त्याला भाऊ होतो, सगळं घर भावाच्या मागे. मुलगा जळतो, बोलत नाही, नुसता बघत राहतो. आणि एके दिवशी पाळण्यातल्या बाळाच्या तोंडावर उशी दाबतो. पोलीस अख्खा सिनेमाभर मोलकरणीला पकडून बसतात आणि शेवटी त्या मुलाचा चेहरा पडदाभर दिसतो. कुसाबाईचा हात मिश्रीच्या डबीत तसाच राहिला. मोलकरणीला पकडल्याचा राग आला तो वेगळाच.

सोमवारी बाळाचं न्हाणं आटोपलं. बाळ खोलीत झोपलं, तेल लावून झालेली आशा मोरीत अंगावर पाणी घेत होती, सिंधुबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. कुसाबाई ओवा-शेपाच्या धुरीसाठी निखारे घेऊन खोलीकडे आली. खिडकी उघडी होती, बाहेर ओट्यावर शेजारणी गप्पा मारत होत्या. आणि आत तिपू बाळावर वाकून, त्याच्या तोंडावर दुपटं ओढून, दोन्ही हातांनी कडा दाबत होती.

"मारलं गं बाई, मारलं! पोरीनं भावाला दाबलं!"

ती बोंब गोदावरीपलीकडे गेली असेल. निखारे फरशीवर सांडले. आशा ओल्या केसांनी धावत आली आणि बाळाला छातीशी धरून मोठ्याने रडू लागली. बाळाला काही झालं नव्हतं. तेल-पाण्यानंतर लेकरं अशी झोपतात की ढोल वाजला तरी उठत नाहीत. ते आईच्या हातांत मान टाकून झोपून राहिलं. पण ते कळायच्या आतच सिंधुबाईंनी तिपूच्या थोबाडीत दिली आणि तिला दंडाला धरून शेजारच्या घरात नेऊन कोंडलं.

संध्याकाळी सुनील कुसाबाईला घेऊन त्या शेजारच्या घरात तिच्यापुढे बसला. का केलंस? तिपूने ओठ घट्ट मिटले. मारलं तरी उघडले नाहीत.

"सिनेमातला पोरगाबी असाच गप होता," कुसाबाई म्हणाली, आणि तिने सगळा सिनेमा सांगितला, उशीसकट. दृष्ट न मानणाऱ्या त्या घराने टीव्ही मात्र मानला. सुनील मान खाली घालून ऐकत होता. शेवटी कुसाबाईने न मागता सल्लाही दिला, "तिच्यापुढं बाळाचं नाव काढू नका. नाव निघालं की जळफळाट हुतो." दुसऱ्या दिवशी सकाळी आशाचा भाऊ रवी आला आणि तिपूला शेजारच्या घरातूनच देवळ्याला आपल्या घरी घेऊन गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मोरीतून बाळाला नेताना कुसाबाईचा हात आपसूक दुपट्याकडे गेला. तिने तोंड झाकलं, कडा दाबल्या, आणि बोळातच थबकली. मागे तेलाची वाटी घेऊन कुणी नव्हतं. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरीने केलं काय, तर ओट्यावरच्या बायकांची नजर लागू नये म्हणून आजीसारखं भावाचं तोंड झाकलं. आणि गप्प का राहिली, तर आजीने सांगितलं होतं म्हणून.

दोन दिवस ती स्वतःच गप्प राहिली, कारण खरं सांगायचं तर आपली चोरी आधी सांगावी लागणार. मग राहवेना. तिने आशाला सगळं सांगितलं. आशाने बाळाला जवळ ओढलं. "मावशी, आता सारवासारव करू नका. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत ना?"

"डोळ्यांनी पाह्यलं, पण टकुऱ्यात सिनेमा व्हता गं ताई!"

सिंधुबाई म्हणाल्या, पोरीची दया आली म्हणून तुम्ही गोष्ट रचताय. सुनीलने तर भलतंच धरलं. "म्हणजे रोज आमच्या घरात तुम्ही हे नजरेचं करत होता? मी सांगूनसुद्धा?" तो इतका भडकला की पोरीचा विषय बाजूलाच राहिला. कुसाबाईचं काम त्याच दिवशी सुटलं.

खोटं एकदा ओरडली तर सगळी आळी धावली होती. खरं सांगता सांगता घसा बसला तरी कुणी मान वर करून बघेना. शेजारणी म्हणत, "आजकालच्या पोरांचं काही सांगता येत नाही, टीव्हीवर दाखवतात ना!" दुसऱ्या घरी न्हाऊ घालायला गेली, तर तीच गोष्ट तिलाच कुणी सांगू लागलं, आणि त्यात आता तिपूच्या हातात उशी आली होती. "उशी नव्हती!" ती किंचाळली. तिथली बाई बिचकून आपल्या थोरल्या मुलाला बाहेर पिटाळू लागली. कुसाबाईला टीव्ही फोडावासा वाटला, त्या बाईला हलवावंसं वाटलं, स्वतःची जीभ उपटावीशी वाटली. यातलं काहीच करता येत नव्हतं. घरी येऊन तिने नातवावर उगाच आगपाखड केली.

शेवटी तिने सीबीएस स्टँडवरून देवळ्याची एसटी धरली. मोठी माणसं ऐकत नाहीत तर नाही, निदान पोरीला तरी सांगू, की बाई, तुझं काही चुकलं नाही. वाटेत दोनदा तिने ते वाक्य मनात म्हणून पाहिलं.

रवीची बायको स्नेहा चांगली होती. पाणी दिलं, चहा टाकला. "तिपू गुणाची आहे हो, बोलत तेवढी नाही. बाळाचं नाव आम्ही अजिबात काढत नाही. तुम्हीच तसं सांगितलंत ना?"

"ते चुकीचं सांगितलं मी," कुसाबाई म्हणाली. स्नेहाला ते समजलं नाही. ती चहा गाळायला आत गेली.

तिपू ओट्यावर कांद्याच्या पातीशी खेळत होती. वाळली होती. कुसाबाई शेजारी टेकली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पाठ केलेलं वाक्य ओठांवर येतं न येतं तोच तिपूने हळूच विचारलं, "कुसाआजी, बाळाला कुठे पुरलं?"

"अगं, जिता हाय तो! दूध पितो, हसतो, पाय झाडतो! कुणी सांगितलं तुला मेलं म्हणून?"

"कुणीच सांगत नाही," तिपू म्हणाली. "आई रडत होती. बाळ उठलंच नाही."

"झोपलं व्हतं गं माझ्या बाई! नुसतं झोपलं व्हतं!" तिने तिपूचे खांदे धरले. आवाज ऐकून स्नेहा धावत आली. तिपूने मामीकडे मान वर करून पाहिलं. "मामी, बाळ आहे?"

स्नेहाचा चेहरा कावराबावरा झाला. नणंदेने फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. "आपण तो विषय नाही ना काढायचा, बेटा," ती म्हणाली. "चल, आत चल, बिस्किट देते. आजी, तुम्हीही असं काय करता? नका ना तिच्यापुढे."

"अगं, सांग की तिला! एवढं एक हो म्हण!"

स्नेहाने तिपूचा हात धरला. उंबऱ्यावर पोरीने एकदा वळून कुसाबाईकडे पाहिलं, खोटं बोलणाऱ्या माणसाकडे बघतात तसं, आणि ती मामीच्या मागे निमूट आत गेली.