उतारावर मूठ पीळ

भुताखेतांचा विषय निघाला की पहिला खो खो हसणारा मीच. आजही हसतो... पण ही एक गोष्ट आठवली की हसू थांबतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. एसटी खाली डांबरी रस्त्यापर्यंतच. वडिलांची जुनी टू-स्ट्रोक फटफटी गोठ्यात पेंढ्याखाली गंजत पडलेली. मी लहान असतानाच ते गेले; जिवंतपणी गाडीला कुणाला बोट लावू दिलं नाही! मी ती खोलली, कार्बोरेटर साफ केला, पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या, खडकाळ वाटेसाठी जाड नक्षीचे टायर चढवले. फडफडली एकदाची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, एवढीच काय ती मला अक्कल.

आणि एका दुपारी आमची दीड वर्षांची पोर तापानं आचके द्यायला लागली. डॉक्टर पौडला. मंदा, माझी बायको, तिला पोटाशी धरून मागं बसली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली धरणाचं पाणी. उतार लागला तशी मी ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण बंद केली, गाडी गिअरवर सोडली. पोर रडायचीही थांबली होती हो!

तेवढ्यात वाऱ्याच्या घोंगावण्यात कानाशी, "मूठ पीळ."

मी लक्ष दिलं नाही. परत, खेकसूनच, "क्लच दाब, मूठ पीळ की!"

म्हटलं, बाई घाबरलीय, करू तिच्या मनासारखं. क्लच दाबून मूठ पिळत पिळत खाली आलो.

डॉक्टरांनी सुई दिल्यावर पोरीनं डोळे उघडले. मी बाहेर गाडीपाशी आलो. शेजारच्या गॅरेजचे रशीदभाई गाडी बघून म्हणाले, "त्या उतारानं आलात? मूठ बंद ठिवून न्हाई ना? पेट्रोल थांबलं की ऑइल थांबतंय. पिस्टन धरला की मागलं चाक जाम... तिघंबी धरणात! कुणी शिकवलं?"

"बायकोनं!" आम्ही दोघंही हसलो.

आत जाऊन मंदाला म्हटलं, "आज पहिल्यांदा मला अरे-तुरे केलंस. पण वाचवलंस बाई."

ती म्हणाली, "अहो, मी कशाला बोलू? तुमीच बोलत व्हता. सारखं आपलं 'सूनबाई, पोरीला घट्ट धर.' म्हटलं, भीतीनं ह्यांचं डोकं फिरलं."

मंदाला सूनबाई म्हणायला आमच्या घरात कुणी उरलंच नव्हतं.

खुलासा मला आजतागायत सापडलेला नाही... गाडी अजून आहे. कुणाला बोट लावू देत नाही.