शिरीषची बागेतली ये-जा

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिंडोरीच्या बागेत फवारणी करत होतो. ट्रॅक्टर बंद केला आणि वेलींच्या ओळीतच बसून राहिलो... आधी रागच आला. वर्षभर हा माणूस बागेत फिरकला नव्हता. महिन्यापूर्वीच मी त्याला फोनवर सुनावलं होतं, "लय शहराचा झाला तू. आमची आठवण कशाला राहील?" तो नुसता हसला. आजाराबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. मी द्राक्षांत रमलो, तो कॉम्प्युटरमध्ये. माझ्या शेडमध्ये त्याने एक छोटा कॉम्प्युटर बसवला होता. पानांवरचा ओलावा मोजून, डावणी रोगाचा धोका दिसला की तो कॉम्प्युटर मला आपोआप मेसेज पाठवायचा. शिरीष शहरातल्या गंगापूर रोडच्या घरातून एसएसएचने, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या कॉम्प्युटरला जोडून घेऊन, त्यात शिरायचा, अडकलेला प्रोग्रॅम चालू करायचा, नोंदी उतरवून घ्यायचा. एकदा शेजारी बसवून त्याने मलाही आत जायला शिकवलं. आत गेलं की पहिल्याच ओळीत, याआधी शेवटचं कोणी केव्हा येऊन गेलं ते दिसतं. "पाहुण्यांची वही आहे, पण एकाच ओळीची," तो म्हणाला होता.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मेसेज बंद पडले. छाटणी झालेली, फूट कोवळी, रोज सकाळी धुकं... डावणी शिरली असती तर वर्ष हातचं गेलं असतं. आत शिरायची सोय त्याच्या लॅपटॉपवरच होती, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीत बसवून लॅपटॉप पुढे ठेवला.

आत शिरलो. ओळ उमटली. तो गेला त्याच्या आदल्या दिवशीची, सकाळी सव्वासहाची.

"त्या दिवशी तर हे हॉस्पिटलात होते," वहिनी म्हणाल्या. "लॅपटॉप मागून घेतला होता. भाऊ, वर्षभर उठल्यावर आधी तुमची बागच बघायचे ते. त्यांना चालवत नव्हतं, म्हणून यायचे नाहीत."

मला फार लाज वाटली. प्रोग्रॅम चालू केला, खिशातल्या फोनवर बागेचा मेसेज वाजला; आता धोका वेळेत कळणार होता. पण त्या कॉम्प्युटरमधून बाहेर पडायला मन होईना. धुक्यातून कोणी शेडकडे चालत येतंय, असं कितीतरी वेळ वाटत राहिलं... वहिनींनी लॅपटॉप मलाच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आत जायचं होतं. गेलो की त्या ओळीत शिरीषच्या वेळेऐवजी माझी कालची वेळ येणार, हे ठाऊक होतं. बाहेर पानं ओली होती. बराच वेळ बसलो, आणि मग आत गेलो.