पिंपातला कोयता

जावा बेटावरच्या आमच्या गावात वार्सितो कैक वर्षं साखळीला बांधलेला होता. कुणाचं डोकं फिरलं की घरचेच बांधून घालायचे. मग सरकारी नर्स आली, साखळी सुटली, गोळ्या लागू पडल्या आणि गडी माणसात आला.

रविवारी गल्लीतले सगळे बाप्ये मिळून रस्त्याकडेचं गवत कापतात. वार्सितोही आला. गल्लीचा मुखिया कासदी यानं सगळ्यांना कोयते वाटले आणि वार्सितोच्या हातात चहाची किटली दिली.

"मला बी कोयता द्या की, दादा. बांबू तोडण्यात माझा हात धरणारा कोण हाय हितं?"

"म्हणून तर किटली दिली!" एक जण बोलला आणि सगळे खो खो हसले. वार्सितोही हसला.

त्याची आई सातिनेम तरातरा आली. "डॉक्टर म्हणतो पोरगं बरं झालं. तुम्ही कोण रं ठरवणारे?"

कासदी हळूच म्हणाला, "वैनी, तुमच्या घरचा कोयता तांदळाच्या पिंपात कुणी दडवलाय?"

म्हातारीनं मान खाली घातली. वार्सितोला हे आत्ता कळत होतं.  त्यानं सगळ्यांना चहा दिला, आईलाही दिला.

दुपारी तिनं कोयता काढून त्याच्यापुढं ठेवला. "फणस काप," म्हणाली, आणि स्वतः उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली.

"आये, आत येऊन जवळ बस. मग कापतो."

ती काही आत आली नाही. फणस तसाच पडून राहिला.