हाजराबीची फळी

हाजराबीबद्दल सांगायचं तर आधी तिच्या टाचेबद्दल सांगावं लागतं.

अकोल्यातल्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत ती काळजीवाहक होती. पगार सरकारी. काम म्हणजे मुलांना उठवणं, आंघोळी, वेण्या, भांडणं सोडवणं, ताप आला तर उशाशी बसणं. हाक मारून उपयोग नाही, म्हणून उठवायची रीत तिने स्वतः बसवली. मुलं झोपायची त्या खोलीला मी सागवानी फळ्यांची जमीन घातली होती. मी सुतार. फळ्यांखाली पोकळी होती. दारात टाच आपटली की थरथर शेवटच्या खाटेपर्यंत जायची. हाजराबी एकदा आपटायची, थांबायची, मग दोनदा. मुलं डोळे उघडायची. त्यांनी तिचं नावही तेच ठेवलं. तळहातावर मूठ: एकदा, मग दोनदा. झालं हाजराबी.

ती मूळची पातूरची. नवरा लवकर गेला. मुलीला वाढवून बऱ्हाणपूरला दिली. स्वतः शाळेच्या आवारातल्या खोलीत राहिली. दिवसभर हातांनी बोलायचं, संध्याकाळीही हातांनीच. तोंडाने बोलायची वेळ फार येत नसे. मी बिजागरी दुरुस्त करायला गेलो की कुठलं दार कुरकुरतं ते मलाही हातांनीच सांगायची. मग एकदम थांबायची.

“अरे हां. तुमाले तं ऐकू येते.”

पुढे शाळेची पटसंख्या घटली. वसतिगृह बंद झालं. काही मुलं घरी गेली, काही दुसऱ्या जिल्ह्यात. हाजराबी अतिरिक्त ठरली. हुकूम आला: अमरावतीच्या अंध मुलांच्या शाळेत रुजू व्हा. नाही झालं तर पगार बंद. पेन्शन थोड्याच वर्षांवर होती. दुसरा आधार नव्हता.

ती आमच्या घरी आली. माझी बायको जमुना चहा ठेवायला आत गेली.

“काय करू, नत्थुभाऊ?”

“जाय. पगार आहे.”

“पगार आहे. पन मी बोलू कोनासंग?”

“तिथं तं समदे बोलनारेच आहेत.”

“तेच तं,” ती म्हणाली.

ती गेली. मग एका रविवारी परत आली. तिच्या तोंडून सगळं निघायला चहा दोनदा करावा लागला.

पहिल्या सकाळी तिने सवयीने दिवा लावला. दारात टाच आपटली. खाली फरशी. काही हललं नाही. मग ती खोलीच्या मधोमध उभी राहून दोन्ही हातांनी सांगत राहिली, उठा, उठा. मुलं खाटेवर बसून विचारत होती, “कोण आहे? कोणी आहे का?” ती हात हलवत होती. एक लहान मुलगी रडायला लागली. खोलीत कोणीतरी आहे आणि बोलत नाही, याचं भय डोळे असलेल्याला कळायचं नाही.

तिथल्या अधीक्षिका रागिणीताई. बाई वाईट नाहीत. त्यांनी तिला बसवून सांगितलं, “हाजराबी, या मुलांना आवाज लागतो. महिनाभर बघू. नाही जमलं तर मला वर कळवावं लागेल.” वर कळवलं की दुसरा हुकूम येईपर्यंत पगार थांबणार, हे हाजराबीला ठाऊक होतं.

मग तिने तोंड उघडलं. पण कसं? बहिऱ्या पोरांपुढे ओठ जसे ताणायची तसे ताणून, मोठ्याने. “आं-घो-ळी-ला चला.” आचल नावाची मुलगी तिथली सगळ्यात तिखट. ती म्हणाली, “आपा, आमी आंधळे आहो. बहिरे नाही.” सगळी खोली हसली.

“हसले म्हून तू बंद झाली?” मी विचारलं.

“हसू द्या. लेकरंच आहेत. माहा आवाजच मले परका वाटते. कोन्या दुसऱ्या बाईचा वाटते.”

“रंधाही पयल्या दिवशी हातात बसत नाही. रोज धरा लागते.”

तिने टाच जमिनीवर टेकवली. मग म्हणाली, “जुन्या शाळेच्या फळ्यातली एक काढून देता?”

“फळीनं काय होईन? बोलाले तं तुलेच लागन.”

“बोलीन. पन आंधी पाय बोलू द्या.”

दुसऱ्या दिवशी मी जुन्या शाळेत गेलो. पहारेकरी हुसेनने वसतिगृहाचं कुलूप काढलं. खाटा भिंतीला उभ्या लावल्या होत्या. “न्या, काका. अशीही उधई लाकूड खाऊन राहिली,” तो म्हणाला. फळी उचकटण्याआधी मी दारात टाच आपटून पाहिली. थरथर पार शेवटपर्यंत गेली. तिकडे कोणी नव्हतं.

दाराजवळची फळी धड निघाली. ती घेऊन अमरावतीच्या एसटीत चढलो.

“काका, फळीचं तिकीट कोन काढन?” कंडक्टर म्हणाला.

“ती बसत नाही. उभीच येते.”

“मंग तुमीही उभेच या तिच्यासंग.”

उभाच गेलो. बडनेरा गेल्यावर जागा मिळाली.

अंध मुलांच्या खोलीच्या दारात आतल्या बाजूला ती बसवली. खाली पट्ट्या ठोकल्या, पोकळी राहील अशा. कडा तिरप्या तासल्या आणि पॉलिश पेपर फिरवला. मुलांच्या पायाला ठेच लागली तर काम वाया. रागिणीताई म्हणाल्या, “एवढी मेहनत एका फळीला?” मी म्हटलं, “बाई, फळी एकच आहे म्हणूनच.”

त्यांनी मुक्कामाला जागा दिली. सकाळी मी बाहेर उभा राहून पाहिलं. हाजराबी फळीवर चढली. एकदा आपटली, थांबली, मग दोनदा. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“कोन?” आचल म्हणाली.

हाजराबीचे हात वर आले. एका हाताने तिने दुसरा हात धरून खाली दाबला.

“मी,” ती म्हणाली. ओठ न ताणता, हळू. “हाजरा.”

“तुमीच काय ते, वरडनाऱ्या?”

“हो. आता नाही वरडत. उठा.”

“आंधी पुन्हा वाजवा.”

तिने वाजवलं. मुलं उठली. मी औजारं बांधली आणि अकोल्याची गाडी धरली.

रागिणीताईंनी वर काही कळवलं नाही. पगार चालू आहे. आता मुलं तिला फळीवाली आपा म्हणतात. ती बोलते, जरुरीपुरतं.

सुटीच्या रविवारी ती अकोल्याला येते. आधी जुन्या शाळेच्या फाटकापाशी जाते. हुसेन खुर्ची देतो. थोडा वेळ बसून मग आमच्याकडे येते. घसा दुखतो म्हणते. चहा घेताना तिचे हात मांडीवर हलत राहतात. बोटं उघडतात, मिटतात, वळतात.

मागच्या खेपेला मी विचारलं, “कोनाले सांगून राहिली?”

“कोनालेच नाही. आठवडाभराचं साचते.”

तिच्या त्या भाषेतलं मला एकच येतं. मी कप खाली ठेवला आणि तळहातावर मूठ ठोकली. एकदा, मग दोनदा.

तिचे हात थांबले. ती माझ्या हातांकडे पाहत, पुढचं ऐकायला म्हणून सरसावून बसली. मला पुढचं येत नव्हतं.