चौथ्या खड्ड्याचा माल

बंगळूरहून दोन चवीचे जाणकार आमच्या भट्टीवर आले होते. त्यांनी पेल्यात नाकं घातली आणि धुराचा वास, लिंबाची साल, ओली माती असलं काय काय सांगितलं. मी ते इमानदारीने कागदावर उतरवत होतो. बाजूला चंद्राबाई घायपाताचे गड्डे सोलत बसली होती. वास तिच्यापर्यंत गेला असावा. मान वर न करता ती म्हणाली, "खालनं करपलंय त्ये."

जाणकार हसले. ते गेल्यावर नागेंद्रने कुटून टाकलेला चोथा उलथापालथा करून बघितला, तर निम्मा काळाठिक्कर.

नागेंद्र आमचा मालक. बेळगावचा, शिकून इंजिनियर झाला, परदेशात नोकरी केली आणि परत येऊन निपाणीजवळच्या माळावर मेक्सिकोच्या मेस्कालसारखी दारू गाळायला बसला. आमच्याकडे घायपात बांधाबांधावर उगवतं. जनावर आत शिरू नये म्हणून लावतात, एरवी त्याला कोण विचारतो? त्याचा गड्डा जमिनीतल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर भाजायचा, कुटायचा, आंबवायचा आणि तांब्याच्या हंड्यातून गाळायचा. एक झाड काढलं की तिथंच त्याची दोन पिल्लं लावायची, पानं दोर वळणाऱ्यांना द्यायची, हिरवं लाकूड जाळायचं नाही, असे त्याचे नेम. त्यातला सगळ्यात मोठा नेम हा, की ज्याच्या बांधावरनं घायपात आणलं, त्याच्या खिशाला ही दारू परवडली पाहिजे. तो बोलायला लागला की मला कीर्तनाला बसल्यासारखं वाटायचं. पण माणूस मनाचा चांगला. मी तिथं कन्नडातून सरकारी पत्रं लिहायला आणि नोंदी ठेवायला होतो.

चंद्राबाई साठीची. तीस वर्षं निपाणीत विड्या वळलेल्या. तंबाखूनं बोटांची टोकं आणि जीभ दोन्ही बधिर झालेली, नाक तेवढं कसं शाबूत राहिलं देव जाणे. करपलेलं कळलं कसं, असं नागेंद्रने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नवरा रोज पिऊन याचा. उंबऱ्यात आला की वासावरनं कळायचं, आज जेवंल का ताट फेकंल. फेकणार असला तर पोरास्नी आधी शेजारी धाडायची मी."

कोल्हापूरची गाडी किती वाजता आहे हे सांगावं, तशा आवाजात तिनं हे सांगितलं.

त्या दिवसापासून प्रत्येक खड्ड्याचा माल आधी तिच्या नाकाखालून जाऊ लागला. पेल्याला ती हात लावायची नाही. आधी एक थेंब जमिनीवर टाकायची, मेलेल्या नवऱ्याच्या नावानं. मग दोन थेंब तळहातावर घेऊन, तंबाखू मळतात तसं अंगठ्यानं मळायची आणि ओंजळ नाकाशी न्यायची. शेवटी बोट जिभेला लावून थुंकायची. त्यानंतरच्या पहिल्या खड्ड्याला म्हणाली, "ही पिऊन माणूस रडंल." दुसऱ्याला, "ही पिऊन भांडण उकरून काढंल." नागेंद्र हे हौसेनं वहीत लिहून घेत होता. तिसऱ्याला ती म्हणाली, "ही पिऊन गप झोपंल. पर सकाळी उठून मारंल." तेव्हा त्याचं पेन थांबलं.

"आक्का, बाटलीवर हेच छापूया की!" मी म्हणालो. ती हसली नाही, रागावलीही नाही. त्या थट्टेची मला आजही लाज वाटते.

कारण आम्हाला सगळं दिसत होतं. तिचा मुलगा मंथन तंबाखूच्या वखारीवर टेम्पो चालवायचा आणि रोज हायवेकडच्या बारमध्ये बसायचा. त्याची बायको रूपाली सासूचा डबा घेऊन भट्टीवर यायची ती कानशिलापर्यंत पदर ओढून. पदराखाली काय आहे हे कळायला काही जाणकार लागत नव्हता. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

चौथा खड्डा निघाला तेव्हा नागेंद्रने ठरवून टाकलं होतं. चंद्राबाईनं हो म्हटलं की हा माल क्वार्टरच्या बाटल्यांत भरायचा आणि देशीच्या भावात त्याच बारला द्यायचा. हे त्यानं तिच्यासमोरच सांगितलं. वर म्हणाला, "आक्का, लोक काय काय विष पितात. मंथनचं लिव्हर तरी वाचेल."

चंद्राबाईनं थेंब टाकला, तळहात मळला, वास घेतला. बोट जिभेला लावलं. मग पेला उचलला आणि एक घोट घेतला. थुंकली नाही, गिळला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिथं काहीच दिसत नव्हतं.

"कशी आहे?" नागेंद्रने विचारलं.

"चांगली हाय. घशाला लागत न्हाय, पोटात जाळ न्हाय. रोज प्याला तरी माणूस लई वर्सं जगंल."

"हेच तर पाहिजे होतं आक्का!" नागेंद्रने टाळीच वाजवली.

"माझा नवरा वाईट प्याला," ती म्हणाली. "लगीन होऊन बावीस वर्सं झाली आन् आतडी जळून मेला. म्हणून मी सुटले. असली मिळाली असती तर अजून असता."

नागेंद्रचे हात तसेच राहिले.

"रूपालीचं लगीन होऊन सातच वर्सं झाल्यात," ती म्हणाली.

माळावर वारा होता, भट्टीवरचे पत्रे वाजत होते. नागेंद्र म्हणाला, "मग नको म्हण, आक्का. तू नको म्हटलंस तर मी हा माल भरत नाही."

मला मनातून वाटत होतं, म्हण बाई. एक शब्द खोटा बोल, कुणाला कळणार आहे?

"चांगल्या मालाला वाईट कसं म्हणू रं?" असं म्हणून ती गड्डे सोलायला बसली आणि मला म्हणाली, "लिव्ह अण्णा. पास हाय म्हणून लिव्ह."

मला पेन खाली ठेवता आलं असतं. मी लिहिलं.